पुढे केलेला हात

दत्तकाच्या चौकशीला आलेल्या पाल्मारेस बाईंनी आधी न्हाणीघर पाहिलं. दात घासायचे ब्रश दोनच होते, एक मोठा, एक छोटा. बाईंचं समाधान झाल्याचं काही दिसलं नाही; असल्या सरकारी माणसांचं ते होत नसतंच. मग त्या झोपायच्या खोलीत गेल्या. भिंतीवरचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता.

"इथला फोटो कुठे गेला?"

"काच फुटली. बसवायला दिलाय," एर्लिंडा म्हणाली.

फोटो स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे होता. त्यात क्रिस्टेल आईच्या मांडीवर बसली होती. ती आई, मिंडा, आत्ता ॲप्रन बांधून कालामान्सी लिंबांचं सरबत ढवळत होती. नवरा गेल्यापासून नणंदेच्या आधारानं राहणारी ही बाई आजच्या दुपारपुरती त्याच घरची कामवाली झाली होती.

कल्पना एर्लिंडाची. अमेरिकेची नागरिक झालेली ही नणंद भाचीला दत्तक घेण्यासाठी मुद्दाम मायदेशी, इलोइलोला येऊन राहिली होती. पोर दत्तक आईच्याच हाताखाली वाढतंय हे दिसल्याशिवाय तिकडचा व्हिसा मिळत नाही. जन्म दिलेली आई त्याच घरात भात वाढताना सापडली, तर सगळं मुसळ केरात. म्हणून कागदोपत्री मिंडा मनिलाला नोकरीला होती.

"एक दुपार कळ काढ," एर्लिंडानं समजावलं होतं. "पोरगी एकवीसची झाली की तीच तुला बोलावून घेईल. मग बस बर्फात कॉफी पीत."

मिंडाला पटलं होतं. पण नणंद इतकी गोड बोलायला लागली की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच.

अडचण क्रिस्टेलच्या सवयीची होती. शाळेतून आली की ती धावत येऊन आईचा हात कपाळाला लावायची. घरात शिरल्यावर मोठ्यांचा हात कपाळाला लावल्याशिवाय इथं मूल टेकत नाही. पण पगारी बाईचा हात कोण लावतं? म्हणून मिंडानंच तिला शिकवायला घेतलं. "माझ्याजवळ यायचं नाही. आई म्हणायचं नाही. मनांग म्हणायचं, कामवालीला म्हणतात तसं. आणि काम सांगायचं." पोरगी दर वेळी विसरायची आणि हात धरायची. मिंडा लटकेच चापट मारायची, मग दोघीही हसत सुटायच्या.

आता मिंडा ट्रे घेऊन बाहेर आली. पाल्मारेस बाईंनी सरबताऐवजी तिच्याकडेच पाहिलं.

"तुम्ही कुठल्या?"

"गिमारासची, बाईसाहेब."

"पोरीची वेणी कोण घालतं?"

मिंडाचे ओठ हलले. "मीच घालते की," एर्लिंडा मधेच म्हणाली. "आणखी कोण घालणार?"

पाल्मारेस बाईंनी काहीतरी लिहिलं. मग पेन ठेवून एक घोट घेतला.

"जन्माच्या आईला नीट सांगितलंय ना सगळं? नंतर रडारड नको. एकदा दत्तक दिलं की कायद्यानं ती या मुलीची कुणी नाही. मुलगी उद्या अमेरिकेची नागरिक झाली, तरी त्या आईला आई म्हणून बोलावून घेऊ शकत नाही. कधीच नाही. इथंच लोक फसतात."

"सांगितलंय ना. चांगलं बजावून सांगितलंय," एर्लिंडा म्हणाली आणि बशीतल्या बिस्कोचो टोस्टाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मिंडाकडे तिनं पाहिलं नाही.

मिंडानं दुसरा ग्लास ट्रेच्या काठावरच टेकवला आणि तो कलंडला. सरबत टेबलावर सांडलं.

"लक्ष कुठंय गं तुझं?" एर्लिंडा म्हणाली. कामवालीवर ओरडतात तशीच ओरडली.

मिंडा फडकं फिरवत राहिली. कोर्टातली शेवटची सही अजून व्हायची होती. आत्ता बोलावं? पण ती काय बोलणार, आणि नणंद ते हसण्यावारी नेणार नाही कशावरून? तिचा स्वतःच्या आवाजावरही विश्वास उरला नव्हता.

बाहेर ट्रायसिकल रिक्षा थांबली. क्रिस्टेलच्या चपला पायरीवर वाजल्या.

मिंडाला एकदम सुचलं. बोलायची गरजच नव्हती. पोरगी विसरते. दर वेळी विसरते. आजही विसरू दे. तिनं हात धरून कपाळाला लावला की या बाईंना काय ते कळेल, आणि प्रकरण इथंच संपेल. राहिली अमेरिका तर राहिली. पोरगी तरी आपली राहील.

तिनं फडकं टाकलं, ओला हात ॲप्रनला खसाखसा पुसला आणि दाराकडे तोंड करून पुढे केला. एर्लिंडाचा घास तोंडातच राहिला.

क्रिस्टेल आत आली. आधी एर्लिंडाचा हात कपाळाला लावला. "आले, मम्मी." मग पाहुण्या बाईंचा. मग ती वळली आणि आईच्या हातासमोर येऊन थबकली.

पाल्मारेस बाई बघत होत्या.

क्रिस्टेलनं खांद्यावरचं दप्तर काढलं आणि त्या पुढे केलेल्या हातात अडकवलं.

"मनांग, भूक लागलीय. खायला आण काहीतरी."

मागे पेन पुन्हा चालायला लागलं. एर्लिंडानं घास गिळला. क्रिस्टेलची त्या दोघींकडे पाठ होती. तिनं आईकडे बघून हळूच एक डोळा मिटला. आज ती काही म्हणजे काही विसरली नव्हती.