निहारची लाल शी

निहारचा डायपर उघडला आणि ऋजुता ओरडलीच. आठ महिन्यांच्या पोराची शी चक्क लालभडक! एका हाताने त्याचे पाय धरून तिने फोनमधल्या एआयला फर्मावलं, "बाळाची शी लाल झालीय. सगळं इंटरनेट पालथं घाल, पण कारण शोध!"

"शोधण्याआधी घरात विचारा," तो म्हणाला. "बाळाने काल बीट खाल्लंय का? नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा."

"मेल्या, जग शोध म्हटलं तर मलाच कामाला लावतोस? बीट कोण भरवणार त्याला?" ती करवादली. "अप्पा, चला, दवाखान्यात जायचंय."

सासऱ्यांनी हातातला पेपर आणखी वर धरला. तिने पेपर खाली ओढला. अप्पांच्या कालच्याच पांढऱ्या लेंग्यावर चिमुकल्या पाच बोटांचा गुलाबी ठसा होता.

"अप्पा!"

"अगं, तू आंघोळीला गेली होतीस. मी कोशिंबीर खात होतो, तर पठ्ठ्याने आ वासला. मी काय त्याला नाही म्हणू?"

ऋजुताचा जीव भांड्यात पडला आणि लगेच उसळून बाहेर आला. तिने फोनला विचारलं, "आठ महिन्यांच्या बाळाला बिटाची कोशिंबीर चालते का?"

"हे मात्र अंदाजाने नको. थांबा, शोधून सांगतो."

अप्पा फोनवर वाकले आणि कुजबुजले, "शोधतोच आहेस, तर जरा माझ्या बाजूचं शोध रे."