गान ते माले

पट्ट्याचा पहिला फटका बसला तेव्हा अंकुर दारात वाकून बुटाची नाडी सोडत होता. जावई दहा महिन्यांनी घरी आला होता. सासूनं, कलावतीनं, पाय धुवायला पाणी आणून ठेवलं होतं. दुसऱ्या फटक्यानं तो त्या पाण्यातच पडला.

"चार दिवसांची बोट हाय म्हने!" सासरा तेजराम ओरडला. "खोटारड्या!"

आमच्याकडे जावयाला कोणी अरेतुरेसुद्धा करत नाही. पण तेजरामचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे आमच्या कॅम्प-1 वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आज त्याला कारणही तसंच मिळालं होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्याच्या मुलीचं, टीनाचं, बाळ दोन महिन्यांपूर्वी पोटातच गेलं. ती स्वतः मरता मरता वाचली. अंकुर मालदीवच्या गान बेटावर हॉटेलात एसी दुरुस्त करायचा. तो आला नाही. बेटावरून राजधानी मालेला फक्त बोट जाते, चार दिवस घेते, असं टीनानं सांगितलं. तेजरामनंही ते जगाला सांगितलं. आज कारखान्याच्या कँटीनमध्ये सोबत काम करणाऱ्या गोलूनं मोबाइल काढला आणि चारचौघांत त्याचं हसं केलं. गानला विमानतळ आहे. मालेलाही आहे. पाचशे चाळीस किलोमीटर, सव्वा तास.

"सव्वा तास!" पट्टा पुन्हा उठला. "इथनं नागपूरले जायले याच्यापेक्षा जास्त टाइम लागते! माही पोरगी मरून राहिली होती, अन् तू तिथं मजा मारून राहिला होता?"

अंकुरचा ओठ फाटला होता. त्यानं एकदा सासऱ्याचं मनगट घट्ट धरलं, टीनाकडे पाहिलं आणि सोडून दिलं. तेजरामला वाटलं, गुन्हा कबूल झाला. त्यानं पट्टा उलटा धरला, बक्कल लागावं म्हणून.

टीना मध्ये आली. बक्कल तिच्या खांद्यावर बसलं. ती हलली नाही.

"बोटीचं खोटं मी बोलली, बाबा. यायनं तिकीट काढलं होतं. मीच फोनवर रडून रडून थांबवलं."

"कावून?"

"बाळ कसं गेलं ते यायले सांगून बसली, म्हनून."

"बाथरूमात घसरली ना तू?"

"तसं आईनं सांगायले लावलं."

कलावतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेजरामला आठवायला वेळ लागला. भाजी खारट झाली होती. टीना उलटून बोलली होती. त्यानं तिला ढकललं होतं आणि ती पोटावर, ओट्याच्या कोपऱ्यावर आदळली होती. या घरात हे रोजचंच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं.

"विमानानं हे दुसऱ्याच दिवशी इथं असते," टीना म्हणाली. "एका दिवसात यायचा राग उतरला नसता. तुमी वाचले नसते, बाबा."