जर्मन शेगडी

"गाडीला हात लावू नका, ताई. लांबून बघा."

दयानंद हे हसत म्हणाला, पण आवाजात हसू नव्हतं. अंजूनं दाराच्या कडेवर ठेवलेला हात काढून घेतला.

सहस्रकुंड धबधब्याजवळच्या मैदानात सकाळपासून सात गाड्या उभ्या होत्या. लातूर-नांदेडकडचे गाड्यांचे शौकीन वर्षातून एकदा असे जमायचे. कुणी जीपवर तंबू बसवलेला, कुणी जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकलेला. अंजू नांदेडहून यंदा पहिल्यांदाच आली होती. तिथं तिचं गाड्यांची बॉडी बांधायचं शेड होतं. रुग्णवाहिका, स्कूलबस, येईल ते काम ती घ्यायची.

दयानंदची गाडी सगळ्यांत मोठी. त्याची लातूरला डाळमिल. मागच्या वर्षी हैदराबादच्या एका डीलरकडून त्यानं ही गाडी घेतली होती. चेसिस इथलंच, पण आतलं घर आख्खं जर्मनीहून कंटेनरमधून आलेलं. पलंग, फ्रिज, शेगडी, कपाटं. दारावर तशी चंदेरी पाटीही होती.

"काका, हे दार लावून बघा," तो शेषेरावांना म्हणाला. शेषेराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ग्रुपमध्ये सगळ्यांचे काका. "आवाज येतो का? ह्याला म्हनतात फिनिशिंग. आपल्याकडं काय, पत्रा वाकवला की झाली गाडी तयार."

लोक हसले. कुणी जपानी वायरिंगचं कौतुक काढलं, कुणी इटालियन सीटांचं. अंजू हसली नाही.

"शेठ, शेगडीची पाइप एकदा बघू द्या," ती म्हणाली.

"काहून?"

"तसल्या जोडाची एक गाडी मागच्या महिन्यात देगलूरजवळ जळाली. माणसं कशीबशी वाचली. सिलिंडरपासून पाइप वळते ना, तिथं जोड सैल व्हायलाय."

"ती इथं बनवलेली असंल."

"हाव. इथलीच होती."

"मग? ही जर्मन हाय."

"पाच मिनटं लागतील, शेठ."

"ताई, तुम्ही रुग्णवाहिका बांधा. खामखा ह्याच्यात पडू नका." दयानंद लोकांकडं वळला. "चला, आता जर्मन शेगडीवरचा चहा पाजतो सगळ्यांना."

त्यानं खिशातून लायटर काढला. नऊ वर्षांची त्याची मुलगी ऋतुजा मागच्या पलंगावर झोपली होती. प्रवासात तिला मळमळलं होतं. ऊन लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या, पडदे ओढलेले होते, पलंग-शेगडीकडचं मधलं दारही लोटलेलं होतं. दयानंदनं पायरीवर पाय ठेवला आणि अंजूनं त्याचं मनगट धरलं. त्याला काही कळायच्या आत तिनं लायटर हिसकला आणि खाली नदीत भिरकावला.

"डोकं फिरलंय का तुझं?" ताई आणि तुम्ही, दोन्ही गेलं. "चार लोकांत बेइज्जत करून राहिलीस?"

"आधी पोरीला बाहेर काढा. मग काय बोलायचं ते बोला."

"माझ्या पोरीचं नाव घेऊ नको! स्वतःला असलं काम जमंना म्हनून पोटात दुखून राहिलं तुझ्या."

"हो, दुखून राहिलं! दार उघडा!" अंजू ओरडली. तिचा आवाज धबधब्याच्या वर गेला. तिला इतकी चिडलेली पाहून दोघं-तिघं मागं सरकले.

दयानंदनं धाडकन दार ओढून घेतलं आणि किल्लीचं बटण दाबलं. चारी लॉक एकदम लागले.

"आता लाव हात."

ती किल्लीवर झेपावली. त्यानं तिला ढकललं. ती खडकावर पडली, कोपर फुटलं. शेषेराव तेवढे पुढं आले, पण ती त्यांच्या आधीच उठली होती, आणि तिच्या हातात दगड होता. गाडीच्या मागं जाऊन तिनं दोन घावांत काच फोडली.

दयानंद हात उगारून धावला. आणि जागीच थांबला.

फुटक्या काचेतून गॅसचा भपका आला होता.

त्यानं घाईनं किल्ली काढली. "बटण दाबू नका! हातानं उघडा!" अंजू किंचाळली. किल्ली दोनदा भोकाबाहेर घसरली. तिसऱ्यांदा दार उघडलं. त्यानं ऋतुजाला उचलून बाहेर आणलं. मान एका बाजूला कललेली, ओठ पांढरे. झाडाखाली तिच्या तोंडावर पाणी मारलं. दयानंद तिला हाका मारत राहिला. बऱ्याच वेळानं तिला उलटी झाली, मग ती रडायला लागली.

"पप्पा, डोकं दुखतंय."

शेषेरावांनी सिलिंडर बंद केला, सगळी दारं-खिडक्या उघडी टाकली. अर्ध्या तासानं वास पार गेल्यावर त्यांनी पाइपवर साबणाचा फेस लावला आणि सिलिंडरचा नळ किंचित सोडला. पाइप वळते तिथंच फेसातून बुडबुडे यायला लागले. त्यांनी नळ पुन्हा घट्ट बंद केला.

दयानंद पोरीला छातीशी धरून ते बघत होता. मग अंजूसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्ही नसता तर..." त्यानं मान खाली घातली. पण आत पेटलेला राग कुठंतरी जायलाच हवा होता. तो गाडीकडं वळला आणि चंदेरी पाटीवर त्यानं जोरात लाथ घातली.

"सोडत न्हाई मी ह्या जर्मनवाल्यांना! कोर्टात खेचतो. माझी पोर मेली असती! कोन्या हरामखोरानं बसवलीय ही पाइप? मला त्याचं तोंड बघायचंय!"

अंजू कोपरावरचं रक्त ओढणीनं पुसत होती. ती थांबली. शेषेरावांकडं बघितलं, मग ऋतुजाकडं.

"जर्मनीत न्हाई, शेठ. तुमच्या हैदराबादच्या डीलरनं बसवून घेतली, नांदेडला, माझ्या शेडात. मीच बसवलीय."