असोला नारळ

रुक्मानं असोला नारळ मांडावर ठेवला, तसा गावचा प्रमुख लाडू गावकार तोंडातला विडा चघळायचा थांबला.

गुंद गावच्या मांडावर, म्हणजे गाव जमायच्या त्या पवित्र जागेवर, वहाण चढत नाही आणि खोटं चढत नाही, असं जुनी माणसं सांगायची. कुणाला काही विचारायचं असेल, तर त्यानं न सोललेला नारळ पुढं ठेवून विचारायचं. ज्याला विचारलं त्यानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की नारळ फोडून गावानं खायचा. मग तो प्रश्न मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. उत्तर मिळेपर्यंत मात्र नारळाला हात लावायचा नाही, मग तो तिथं कुजो की रुजो.

फोडायचा मान धाकलूच्या घराण्याचा. तो कोयता मांडीवर घेऊन बसला होता. रुक्मा त्याच्या मेलेल्या भावाची बायको. चूल वेगळी झाली, तरी नातं काही तुटत नाही.

"सरकारानं डोंगर परत दिला," रुक्मा म्हणाली. "घराघराला वाटा मिळायचा व्हता. तुझ्या मेव्हण्याला दोन वाटे आनि माझ्या घराला एक बी न्हाई. असं का, गावकारा? म्या नाचणी कुठं पेरू? पोरांस्नी काय घालू?"

सगळे खाली बघू लागले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? धाकलूचाही वाटा लाडूच्याच शब्दावर मिळालेला.

याच मांडावर लाडूनं एकदा जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबापुढं असाच नारळ ठेवला होता. 'आमच्या पणज्यांनी पेरलेला डोंगर तू कुठल्या तोंडानं बंद करतोस?' असं ताठ मानेनं विचारलं होतं. "याला कुणी शिकवलंय?" एवढंच साहेब दुभाष्याला म्हणाला. नारळाकडं ढुंकूनही न बघता तो घोड्यावर बसला, आणि लाडूला बेड्या घालून कारवारला नेलं. तो सुटून आला, तेव्हा नारळाला कोंब आला होता. धाकलूनं त्याला खांद्यावर घेऊन त्या कोंबाभोवती नाचवलं होतं.

त्या कोंबाचा आता चांगला माड झाला होता. उळवीच्या जत्रेला निघालेले वाटसरू टेकले की लाडू त्यांना तो कौतुकानं दाखवायचा. "विचारायला भिऊ नगा," म्हणायचा. "जो विचारत न्हाई त्यो मेलेला."

आज तो त्याच माडाखाली बसला होता. विडा थुंकून त्यानं रुक्माकडं पाहिलं.

"कुणी शिकवलंय गं तुला?"

धाकलूनं चमकून वर पाहिलं. हे शब्द त्यानं ऐकले होते.

"पोटानं," रुक्मा म्हणाली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. लाडूचा चेहरा उतरला आणि मग तापला. "गावासाठी बेड्या भोगल्या म्या! आनि मलाच विचारतीस? गावात फूट पाडतीस? फितूर हाय ही. धाकलू, फोड त्यो नारळ!"

"गावकारा, पर उत्तर..." धाकलू कसाबसा म्हणाला.

लाडूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा केला. "तुझा वाटा झऱ्याच्या अंगाचा न्हवं? ब्येस जागा हाय बघ ती."

धाकलूनं कोयता उचलला. त्याला स्वतःची इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती. तरी हात थांबला नाही. त्यानं सोडण काढलं, करवंटी फोडली, पाणी मातीत गेलं. मग रीतीप्रमाणं तो एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत निघाला. म्हाताऱ्यांनी घेतला, बायांनी घेतला. सगळे खाली मान घालून चावत राहिले.

शेवटी तो रुक्मापुढं आला. तिनं तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. लाडूच्या पाठीमागं जाऊन तिनं तो माडाच्या बुंध्याशी ठेवला आणि वर माडाकडं पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "सायबानं तरी नारळ फोडला न्हवता."