वेष्टनातला दांडा

"अहो, मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलतोय. तो डोलू नये म्हणून दांडा मिळाला होता ना, तो लावलात का?" घाट उतरताना मी विचारलं.

"नवा आहे. त्याच्यावर ओरखडे पडतील," नवरा म्हणाला. आमच्या घरात रिमोटसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो.

पुढच्याच उतारावर शेजारून ट्रक सुसाट गेला. ट्रेलर आधी डावीकडे झुकला, मग उजवीकडे, आणि जोडणी तोडून चरात आडवा झाला. गाडी कशीबशी थांबली.

नवरा उतरून धावला तो थेट डिकीकडे. वेष्टनातला दांडा त्याने उलटसुलट करून पाहिला.

"बघितलंस?" म्हणाला. "एकसुद्धा ओरखडा नाही!"