राहायची सोय

"राहायची सोय फुकट. वरच खोली आहे," मॅनेजर म्हणाला आणि चैतालीची बारावीची ओरिजिनल मार्कलिस्ट त्यानं खणात टाकून किल्ली फिरवली. पॅकिंगच्या कामाला एवढा पगार मिळेल असं चैतालीला वाटलं नव्हतं. ती हरखून गेली.

तेवढ्यात शेजारी बसलेली तिची आई, कुसाबाई, बोलली. "खोली बघू द्या की."

चैतालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाखतीला आई सोबत आली हेच मुळात लाजिरवाणं, त्यात सातपूरच्या कंपनीत येऊन हिला खोल्या बघायच्या होत्या! पण पेठहून दर हंगामात द्राक्षाच्या मळ्यांवर मजुरीला जाणारी ही बाई, मुक्कामाची जागा बघितल्याशिवाय पिशवी खाली ठेवत नसे. मॅनेजर फोनवर बोलत होता. त्यानं हातानंच जिना दाखवला.

वर दाराला बाहेरून कडी घातलेली होती. कुसाबाईनं ती काढली.

"आत जा. दार लावून घे."

चैतालीनं आत जाऊन दार लोटलं आणि कडीसाठी हात फिरवला. आतून कडी नव्हतीच. स्क्रूची चार भोकं तेवढी होती.

मागं काहीतरी हललं. कोपऱ्यातल्या गादीवर तिच्याच वयाची एक मुलगी उठून बसली होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "जाताना कडी नका ना लावू."

कुसाबाईनं दार उघडलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू बी चल, बाय."

"कशी येऊ? माझे कागद त्यांच्याकडे आहेत." मुलगी गादीवरच बसून राहिली.

कुसाबाईनं लेकीचं मनगट धरलं आणि ती जिना उतरू लागली. खाली आल्यावर आई ऑफिसकडे न वळता थेट गेटकडे निघाली.

"आई, माझी मार्कलिस्ट!"

"ऱ्हाऊ दे."

"अगं, ओरिजिनल आहे ती!"

कुसाबाई थांबली. भीती तिलाही वाटत होती, मनगटावरचा तिचा हात घामानं ओला झाला होता. तरी तिनं मान वर करून, जिन्याकडे बघत, मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "कागद दुसरा निघतो, पोरी!"

ऑफिसात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि त्याच वेळी वरून, जिन्यावर, अनवाणी पावलं धावत खाली येऊ लागली.