पहिल्या नंबरची बाहुली

अगं वरदा, तो फोन ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस.

तर आपली तनू. शनिवारी आजीला घेऊन गेली ना त्या इंग्लिश खेड्यात, जिथे तिचे आजोबा पूर्वी डॉक्टर होते. गावच्या हॉलमध्ये जुन्या आठवणी सांगायचा कार्यक्रम. चहा, केक, स्कोन्स, छताला त्रिकोणी पताका, सगळं एकदम गोड गोड. शैलाआजी म्हणजे खास पाहुणी! पहिल्या रांगेत बसवली. कोणी कोट काढून घेतंय, कोणी दूध किती घालू विचारतंय. वॉटफर्डहून निघाल्यापासून आजीचं गाडीत एकच पालुपद, "माणसं फार चांगली हो तिथली. फार जीव लावला."

एकेक जण माईकवर येऊन सांगत होता. कोणाची डुकरीण ऐन लग्नात चर्चमध्ये घुसली, कोणाची शाळेची बस बर्फात अडकली. मग उठली ब्रेंडा. साठीची, गोबरी, फुलाफुलांचा एप्रन. सगळे केक तिनेच केलेले. आल्या आल्या आजीला कडकडून मिठीही तिनेच मारलेली.

"माझी आठवण शैलाचीच आहे!" ब्रेंडा म्हणाली. हॉल खूश, आजी खूश. तनूने तर व्हिडिओ करायला फोनच काढला.

तर शहात्तर साल, ब्रेंडा तेव्हा दहा वर्षांची. बॉनफायर नाइट. पोरं जुन्या कपड्यांत गवत कोंबून बाहुला करतात ना आणि शेकोटीवर जाळतात, ते. त्या वर्षी गावात स्पर्धा, सगळ्यात भारी बाहुला कोणाचा. आणि ब्रेंडाच्या टोळीकडे जुने कपडेच नाहीत.

"मग आम्हाला ती दिसली! डॉक्टरांच्या मागच्या अंगणात, दोरीवर. हिरवीगार, लाल काठाची. आणि इतकी लांब, की ओढतोय ओढतोय, संपेचना!"

हॉल हसला. तनूलाही वाटलं, ठीके, साडी पळवली. पोरं असतात. पण ब्रेंडा थांबेना ना! बाहुल्याची मग बाहुली केली म्हणे. साडी गुंडाळली. काळ्या लोकरीची वेणी घातली. तोंडाला कॉफी फासली. आईच्या लिपस्टिकने कपाळावर टिकली.

"आणि शैलाचं पोट तेव्हा चांगलंच दिसायला लागलं होतं, म्हणून आम्ही पुढे उशी बांधली! एवढी मोठी!" ब्रेंडाने हाताने दाखवलं. "पाद्रीबाबांनी आम्हालाच पहिलं बक्षीस दिलं. आणि पेटली काय, अहाहा! सगळं गाव बघत होतं."

वरदा, ती उशी म्हणजे कोण, कळतंय का तुला? उदयकाका! तनूचा बाबा!

तनूने व्हिडिओ बंद केला. आणि ब्रेंडाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. "आणि सगळ्यात कहर म्हणजे, शैला स्वतः तिथे होती! टाळ्या वाजवत होती! सच अ गुड स्पोर्ट!"

आख्खा हॉल आजीकडे वळून टाळ्या वाजवायला लागला. आणि आजी हसत होती गं. मान डोलवत होती.

तनू तिच्या कानाशी वाकली. "आजी, तुला कळला नव्हता ना? तो साडी तुझा आहे म्हणून?"

एरवी आजी लगेच टोकते, 'तो' नाही, 'ती'. आज काही नाही. तोंडावरचं हसू तस्संच ठेवून, समोर बघत, मराठीत म्हणाली, "न कळायला काय झालं? डोहाळजेवणाला आईने पाठवलेली इरकल. काठ पेटला तेव्हाच ओळखला."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

"ह्यांनी वाजवल्या आधी." आजीने कप बशीत नीट ठेवला. "सगळे आमच्याकडेच बघत होते. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाजवायला लागले. मग मीही."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, जेवायला काय आहे."

तेवढ्यात ब्रेंडा खाली आली, माईकसकट. आजीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. खरंच प्रेमाने गं, तेच तर वाईट! म्हणाली, "यू डिडन्ट माइंड, डिड यू, लव्ह?" आणि माईक आजीच्या तोंडाशी.

सगळे हसऱ्या तोंडांनी वाट बघतायत.

आजीने माईक घेतला. दुसऱ्या हाताने ब्रेंडाच्या गालाला लागलेलं पीठ पुसलं. आणि माईक सरळ तनूच्या हातात दिला.

"तू बोल गं. माझ्या टाळ्या वाजवून झाल्या."

आता बघ. आख्खा हॉल तनूकडे. ब्रेंडा तशीच गुडघ्यांवर, वर बघतेय, अजून हसतेय. आणि आजी बाजूला गार झालेला चहा पितेय, जसा काही तिचा संबंधच नाही.

सांग ना, तू असतीस तर काय बोलली असतीस?